जपानी ॲनिमेपटांतले खानदानी व्हॅम्पायर : ही भुरळ नेमकी कशाची?

रात्रपाळी

मध्यरात्रीचं गाव. कारंज्यातलं पाणी जागच्या जागी गोठतं, फुलं माना टाकतात, क्रूस आपोआप वाकतात. बग्गी येते, आणि सकाळी गावातली एक मुलगी गायब. 'व्हॅम्पायर हंटर डी: ब्लडलस्ट' (२०००) ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी तो बघावा आणि मगच खाली यावं, कारण रहस्यभेद टाळून मला बोलता येणार नाही.

प्रश्न असा. जपानमध्ये ख्रिश्चन जेमतेम एक टक्का. मृताला पुरायचा रिवाज जवळपास संपलेला, सगळीकडे दहन. म्हणजे शवपेटीतून रात्री उठून बसायला मुळात कोणी शिल्लकच नाही. तरीही शवपेट्या, टोकदार कमानी, काळे झगे, पडके किल्ले यांवर तिथल्या चित्रकारांनी इतका जीव का ओतला? आणि ते बघताना आपल्यासारख्या, ज्यांच्याकडे भूत म्हटलं की पिंपळ आणि विहीर आठवते त्यांच्या घशात आवंढा का येतो?

थोडी पार्श्वभूमी. हिदेयुकी किकुचीची 'डी' मालिकेतली पहिली कादंबरी १९८३ ची, आतली चित्रं योशिताका आमानोची. १९८५ मध्ये तोयो आशिदाने पहिला चित्रपट केला, संगीत तेत्सुया कोमुरोचं. पंधरा वर्षांनी मॅडहाउस स्टुडिओत योशिआकी कावाजिरीने तिसऱ्या कादंबरीवरून 'ब्लडलस्ट' काढला. कथेचा काळ इसवी सन १२०९०. अणुयुद्धानंतर माणसं मागे पडली आणि व्हॅम्पायरांनी विज्ञानाच्या जोरावर हजारो वर्षं राज्य केलं. त्यांना 'उमराव' असंच म्हणतात. आता त्यांचेही दिवस भरत आलेत. नायक डी हा बाप व्हॅम्पायर आणि आई माणूस अशा घरातला, म्हणजे 'डॅम्पिर'. पैसे घेऊन उमरावांची शिकार करतो.

माझं म्हणणं एवढंच की या चित्रपटांमध्ये व्हॅम्पायर सैतान नाही. तो वतन गेलेला सरदार आहे. युरोपीय कथेत त्याच्या मागे पाप आणि देव यांचं ओझं असतं. किकुचीने ते ओझं काढून ठेवलं. त्याच्या कादंबरीत तर क्रूसाचा उपयोग होतो ही आठवणच उमरावांनी माणसांच्या डोक्यातून पुसून टाकलेली आहे. पाप वजा केल्यावर जे उरतं तो म्हणजे काळ. संपता न संपणारं आयुष्य आणि आपल्या डोळ्यांदेखत ओस पडत गेलेला वाडा. आपल्याला भिडतं ते हे.

पुरावा म्हणून एकच प्रसंग. डी घोडा विकत घ्यायला एका दुकानात जातो. (घोडा यांत्रिक आहे, पण नाल, खोगीर सगळं जिथल्या तिथे.) तेवढ्यात गावचा शेरीफ माणसं घेऊन येतो. डॅम्पिर गावात नको, बस्स. बंदुका रोखल्या जातात. आणि म्हातारा दुकानदार आपली बंदूक शेरीफवरच रोखतो. सांगतो की लहानपणी गावातली मुलं एका व्हॅम्पायरने पळवली होती, त्यांना परत आणलं ते याच माणसाने, त्यांतला एक मी. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि समोर डी, तेव्हा होता तसाच तरुण. ना रक्त, ना सुळे. पण डी किती वर्षं असा फिरतोय ते या एका खोलीत कळतं. मला तरी सिनेमातल्या सगळ्या तलवारबाजीपेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (व्हॅम्पायर असाल तर टाकू नका.)


मिरचीभजी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तूर्तास एकच शंका : लसणाची चटणी चालते का या उमरावांना?


अण्णा_हुबळीकर

लेख वाचला. पण राव, कार्टून ते कार्टून. मारामारी, रक्त, लांब केसांची पोरं आणि मोठाल्या डोळ्यांच्या पोरी. यात कसलं काळाचं दुःख? तुम्ही लोक फार खोल विहिरी खणता. दिसायला भारी आहे म्हणून आवडतं, एवढं सरळ कबूल करा की.


कोरीवलेणी

अण्णा, तुमचं अर्धं बरोबर आहे. दिसायला भारी आहे म्हणूनच आवडतं. पण 'दिसणं' म्हणजे वरची कल्हई नव्हे. याच क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

आमानोची मूळ चित्रं कुठेतरी नक्की बघा. कुंचला आणि शाई. रेघ एका ठिकाणी केसाएवढी बारीक, तर पुढच्याच वळणावर जाड होऊन फुटलेली. केस कुठे संपले आणि झगा कुठे सुरू झाला ते कळू नये असा कारभार. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टची छाया त्यावर स्पष्ट आहे. आता ही रेघ ॲनिमेशनमध्ये आणायची म्हणजे काय, तर तीच आकृती वेगवेगळ्या हातांनी हजारो वेळा काढायची आणि तरी ती एकसारखी दिसली पाहिजे. कुंचल्याच्या फटकाऱ्यात ते जमत नाही. म्हणून १९८५ मध्ये आशिदाने पात्रं सोपी करून घेतली. तो डी ठीकठाक आहे, पण आमानोचा नाही, कुठल्याही तेव्हाच्या व्हिडिओपटात शोभला असता. २००० मध्ये युताका मिनोवाने केलेली पात्रं बघा. लांबोडके चेहरे, जड पापण्या, डोळ्यांवर उतरलेली रुंद टोपी, आणि झग्याला जणू स्वतःचा वेगळा वारा. मधल्या पंधरा वर्षांत स्टुडिओंचा हात किती बसला ते तिथे दिसतं.

दुसरं, आणि माझ्या मते मुख्य. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी. जपानी ॲनिमेशनमध्ये एकच चित्र दोन दोन, तीन तीन चौकटी धरून ठेवतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. पैसा आणि वेळ वाचवायला सुरू झालेली ही काटकसर. विनोदी पात्र असं धरून ठेवलं तर ते लाकडी वाटतं. व्हॅम्पायर धरून ठेवला तर तो जास्तच व्हॅम्पायर वाटतो! तो श्वास घेत नाही, पापणी लववत नाही, घाईत नसतो. खऱ्या नटाला हे करायला गेलं की छाती हलते, मान हलते. चित्राला काहीच करावं लागत नाही. आकृती स्थिर ठेवायची, फक्त झग्याची कड आणि एक बट हलवायची. बाकी काम पार्श्वभूमी रंगवणाऱ्याचं, आणि त्याला कमानी, जिने, काचचित्रं मिळाली की तो जेवणखाण विसरतो. मी बघितलेत असे लोक.

त्यामुळे 'जपान्यांना गॉथिक (किल्ले, शवपेट्या, काळे झगे हा जुना युरोपीय थाट) का आवडलं' याचं एक साधं उत्तर म्हणजे ते त्यांच्या हत्यारांना सोसलं.


रात्रपाळी

@कोरीवलेणी, दंडवत घ्या. 'हत्यारांना सोसलं' हे आवडलं. म्हणूनच डी इतका कमी बोलतो की काय! बोलायचं काम त्याच्या डाव्या हाताकडे, तळव्यावर बोलणारा चेहराच आहे ना त्याच्या.


धारपभक्त

मतभेद नोंदवतो. भीती नाही तर व्हॅम्पायर कशाला? नारायण धारपांची 'लुचाई' आठवा. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली, पण गाव आपलं, माणसं आपली, आणि ओळखीच्या घरांतून एकेक माणूस 'त्यांच्यात' जातो तेव्हा पोटात गोळा येतो. रात्री खिडकीकडे बघवत नाही. 'ब्लडलस्ट' बघून मला एकदाही दिवा लावून झोपावंसं वाटलं नाही. मायर लिंक हा उमराव मुलीला पळवतो म्हणे. आणि निघतं काय, तर दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, तो तिला चावतही नाही. ही भयकथा नाही, ही पळून जाऊन लग्न करणाऱ्यांची गोष्ट आहे. पाप काढून टाकलंत तर दातही काढून टाकलेत.


रात्रपाळी

भयकथा नाहीच हो ती. ह्यात वाद नाही. पण गॉथिक म्हणजे निव्वळ भय हे समीकरण नंतरचं. १७६४ मध्ये वॉल्पोलच्या 'कॅसल ऑफ ओट्रान्टो' या इंग्रजी कादंबरीपासून हा प्रकार सुरू झाला तेव्हाही मध्यभागी किल्ला होता, घराणं होतं, पूर्वजांचं देणं होतं. व्हॅम्पायर त्यात नंतर राहायला आला. 'ब्लडलस्ट' त्या मूळ घराकडे परत जातो असं मला वाटतं. पूर्वजांचं देणं सगळ्यांच्या मानेवर आहे : डीच्या बापाचं, मायरच्या जातभाईंचं, त्या किल्ल्यात बसलेल्या कार्मिलाचं.

आणि दात आहेत. कार्मिलाचे. शेवटचा अर्धा तास फक्त तिच्यासाठी पुन्हा बघा. मरून गेली तरी सत्ता सोडवत नाही अशी बाई. वाड्यात आलेल्या प्रत्येकाला त्याच्या मनातलं दाखवून गुंडाळते.


म्हापशेकर

कार्मिलाबद्दल दोन ओळी. नाव घेतलंय शेरिडन ले फानूच्या १८७२ च्या कथेवरून, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या (१८९७) २५ वर्षं आधीचं. आणि तिचा किल्ला 'चेथ' म्हणजे स्लोव्हाकियातला चाख्तित्से. एर्झेबेत बाथोरी (१५६०-१६१४) या सरदारीणबाईंचा, जिच्यावर तरुण मुलींना छळून मारल्याचा आरोप होता. सिनेमा काही समजावून सांगत बसत नाही, पण सामान खानदानी आहे.

बाकी क्रूसाबद्दल. आमचं घर इगर्जेच्या सिमितेरीला, म्हणजे चर्चच्या दफनभूमीला लागून. लहानपणी चेंडू आत गेला की आणायला जायचो. नोव्हेंबरच्या दोन तारखेला सगळ्या थडग्यांवर मेणबत्त्या, फुलं, माणसांची ही गर्दी. त्यामुळे थडगं म्हटलं की मला भीती आठवत नाही, शेजारी आठवतात. त्या पहिल्या प्रसंगात क्रूस वाकायला लागले तेव्हा मात्र मी चपापलो. रात्रपाळी म्हणतात 'ओझं काढून ठेवलं'. असेल. ज्याच्या खांद्यावर ते आधीपासून आहे त्याला ते दिसतंच. तुम्हाला तिथे सजावट दिसत असेल, मला काहीतरी मोडताना दिसलं.


तिसरीघंटा

मस्त चाललाय धागा. पण सगळे किकुचीपासूनच का सुरुवात करताय? त्याच्या आधी बायकांनी हे दार उघडलं होतं.

मोतो हागिओची 'पो नो इचिझोकु' ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका १९७२ ची. एडगर नावाचा मुलगा, कायमचा किशोरवयात अडकलेला. शतकं उलटतात, गावं बदलतात, सोबती हरवतात, आणि हा तेवढाच. मुलींच्या मासिकात आलेली ही कथा. खालसा झालेलं घराणं, न संपणारा काळ, देखणं दुःख, सगळं तिथे आधीच हजर आहे. भीती तिथेही नाही, धारपभक्त. 'रोझ ऑफ व्हर्साय' ही मांगासुद्धा १९७२ चीच. त्या पिढीच्या लेखिकांना जुना युरोप का हवा होता? माझा अंदाज असा की तिथे जपानी मुलीला जपानी मुलगी असण्याची सक्ती नव्हती. आपल्या हिंदी सिनेमात गाणं सुरू झालं की स्वित्झर्लंडचा डोंगर येतो ना, तसा हा युरोप. खऱ्या नकाशावरचा नव्हेच. तिथे गेलं की सासू, शेजारी, परीक्षा काही नाही. पुढे २०१८ मध्ये ताकाराझुका नाट्यमंडळीने 'पो' रंगमंचावर आणलं. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, त्यामुळे एडगरही बाईच. आपल्याकडे बालगंधर्व, तिकडे उलटा मामला.

आणि १९८५ च्या चित्रपटाबद्दल कोणी बोलणार आहे का? डोरिसला उमराव मॅग्नस ली चावतो, तो तिच्याशी लग्न करणार म्हणून ती डीला कामावर ठेवते. चांगली चाबूक चालवणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी, घर राखणारी मुलगी. आणि कॅमेरा मात्र तिला न्हाणीघरात गाठतो. कशासाठी? ऐंशीच्या दशकातला व्हिडिओ बाजार, घरी कॅसेट लावणारा पुरुष गिऱ्हाईक, ठाऊक आहे सगळं. तरी चीड येते ती येतेच. २००० च्या 'ब्लडलस्ट'मधल्या लायला या शिकारी बाईला निदान स्वतःचा राग आहे, स्वतःची बंदूक आहे, आणि सिनेमाचा शेवट तिच्या नावावर आहे.


कोरीवलेणी

+१. १९८५ मधलं सगळ्यात बरं पात्र लार्मिका, उमरावाची लेक. माणसांना तुच्छ समजत आयुष्य गेलं आणि शेवटी कळतं की आपल्याही अंगात अर्धं रक्त माणसाचंच आहे. कोसळणाऱ्या किल्ल्यात ती मागे थांबते. त्यावर अख्खा सिनेमा व्हायला हवा होता.


निशिकासाई

तोक्योतून लिहितोय. सगळा युरोप-युरोप चाललाय म्हणून दुसऱ्या बाजूने दोन चित्रपट.

पहिला 'ब्लड: द लास्ट व्हॅम्पायर', तोही २००० चाच. प्रॉडक्शन आय.जी., दिग्दर्शक हिरोयुकी किताकुबो, जेमतेम पाऊण तासाचा. इथे किल्ला नाही. इथे १९६६ सालचा योकोता हवाईतळ आहे, अमेरिकन सैन्याचा, तोक्योच्या पश्चिमेला, आणि तो आजही चालू आहे. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. तळावरच्या शाळेत हॅलोविनची पार्टी, आणि शाळकरी गणवेशातली साया हातात तलवार घेऊन राक्षस शोधतेय. जपानी माणसं जपानी बोलतात, अमेरिकन इंग्रजी, साया दोन्ही. सरंजामी सावली इथेही आहे, फक्त उमराव बदललेत. त्यांच्याकडे विमानं आहेत. रात्रपाळी ज्याला 'वतन गेलेला सरदार' म्हणतात, त्याच्या जागी इथे नुकताच मालक झालेला परका सरदार आहे. किल्ल्याऐवजी काटेरी तार. म्हणून मला हा जास्त टोचतो.

त्यातला एक क्षण सांगतो. शेवटचा राक्षस धावपट्टीवरून सुटणाऱ्या विमानाच्या मागे झेपावतो. साया जीपमधून पाठलाग करून त्याला कापते. तो खाली पडलेला, धापा टाकतोय. ती जवळ जाऊन उभी राहते, हात पुढे धरते, आणि स्वतःच्या हातातलं रक्त त्याच्या तोंडात थेंब थेंब पडू देते. एक शब्द नाही. आख्ख्या सिनेमात तिने दाखवलेली तेवढीच माया, आणि तीही ज्याला मारलं त्याला.

दुसरा 'व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू', १९८८ ची चार भागांची व्हिडिओ मालिका, म्हणजे काटेकोरपणे चित्रपट नव्हे. संगीत केन्जी कावाई. इथे गॉथिक थेट क्योतोत आणलंय. किमोनोतली मुलगी, देवळांची गल्ली, बाहुल्या, बासरी. परका आहे तो तिचा मुखवटेधारी सेवक लार्वा, तो पश्चिमेकडून आलेला. किल्ल्यांवाचून गॉथिक होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं. माझ्या मते धारपभक्तांना इथे थोडी भीतीही मिळेल.


धारपभक्त

मियू नोंदवून ठेवतो. धन्यवाद. मुद्दा सोडलेला नाही मात्र.


अण्णा_हुबळीकर

काल रात्री नातवाने लावून दिला, ब्लडलस्ट. पूर्ण पाहिला. मारामारी जास्तच आहे आणि मधे ती सावल्यांत शिरणारी, झाडांत मिसळणारी माणसं येतात तेव्हा मी चहा करून आलो. दुकानदाराचा प्रसंग खरा आहे. लायला पावसात झाडाखाली बसून डीला सांगते की मी मेले तर रडायलाही कोणी नसेल, आणि मग दोघं ठरवतात की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या थडग्यावर फुलं वाहायची. तिथे आमच्या सौ. स्वयंपाकघरातून येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी लायलाच्या प्रेतयात्रेला माणसांची रांग बघून त्या म्हणाल्या, बाईने संसार नीट केला म्हणायचा. आता आणखी काय बघायचं ते सांगा. कार्टून म्हणणं बंद करत नाही, सवय आहे.


रात्रपाळी

अण्णा, वहिनींना नमस्कार सांगा. तो शेवट मी मुद्दाम लिहिला नव्हता, तुम्ही लिहिलात ते बरं झालं. लायलाला नात असते, म्हणजे मधे किती वर्षं गेली त्याचा हिशोब प्रेक्षकानेच करायचा. आणि डी लांबूनच उभा. फुलांचं वचन पाळायला आलेला, पण फुलं वाहणारे तिथे भरपूर.

@म्हापशेकर, तुमचं पटलं. ओझं काढून ठेवलंय हे बनवणाऱ्याच्या बाजूने खरं असेल, बघणारा आपलं सामान घेऊन येतो. फक्त एक बघा, क्रूस वाकतात त्या प्रसंगात कावाजिरी एकाही माणसाचा घाबरलेला चेहरा दाखवत नाही. नुसत्या वस्तू. त्याला धर्म मोडताना दाखवायचा असता तर त्याने एखादा पाद्री तरी उठवला असता.


म्हापशेकर

किंवा पाद्री झोपलाय हेच दाखवायचं असेल. :)


निशिकासाई

अण्णांसाठी : आता 'ब्लड' बघा, छोटा आहे, चहाला उठावं लागणार नाही. मग मियू. १९८५ चा 'डी' सगळ्यात शेवटी आणि तिसरीघंटा यांची टीप लक्षात ठेवून. नातू लहान असेल तर यांतलं काहीच त्याच्यासोबत नको, ही मोठ्यांची कार्टूनं आहेत. आणि ब्लडलस्ट इंग्रजीत बघितलात की जपानीत? बऱ्याच जणांना जपानी आवाजच 'अस्सल' वाटतात, पण या सिनेमाचे इंग्रजी आवाज आधी केलेत, जपानी डब नंतर आला. त्यामुळे इंग्रजीत बघायला काही कमीपणा नाही.


अण्णा_हुबळीकर

इंग्रजीत. नातू चोवीस वर्षांचा आहे, त्याची काळजी नको. तो डाव्या हाताचा आवाज कोणाचा? भारी बोलतो.


निशिकासाई

इंग्रजीत माइक मॅकशेन. जपानीत इचिरो नागाई.


मिरचीभजी

मीही बघितला. काळाचं दुःख, वतन, क्रूस सगळं मान्य, पण अख्ख्या सिनेमात समजूतदार एकच जण आहे आणि तो तळहातावर राहतो. मालक उन्हाने आडवा झाला की टोमणे मारतो, आणि वर त्याला वाचवतोही तोच. डाव्या हातावर वेगळा धागा काढावा अशी संपादक मंडळाला नम्र विनंती. लसणाच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, हेही नमूद करतो.